माईंचा बंब आणि आमची नाकं

माईंच्या घरी गेलं की आत पाऊल टाकण्याआधी बॉयलर हुंगावा लागे.

इतरांच्या घरी बेल वाजवली की दार उघडतं. माईंच्या घरी स्वयंपाकघराची खिडकी उघडायची आणि “मागून या गं, मागून!” अशी हाक यायची. मग घराला वळसा घालून, मुळ्याच्या वाफ्याच्या कडेकडेने, अंगावरच्या जाड कोटांसकट आम्ही मागच्या अंगणात जायचो. तिथे भिंतीला टेकून कपाटाएवढी एक राखाडी पेटी उभी असायची आणि तिच्या शेजारी चार पायांवर तेलाची टाकी. न्हाणीला आणि घरातल्या सगळ्या नळांना गरम पाणी पुरवणारा हा बॉयलर रॉकेलवर चालायचा. जपानातल्या नागोयाच्या उत्तरेला, सबवे संपते तिथून बसने बरंच पुढे गेल्यावर हे गाव लागतं, आणि तिथे नळाचा गॅस अजून पोचलेला नाही. माई त्या पेटीला बंब म्हणत. जन्म मिरजेतला. तिथे घरोघरी तांब्याच्या बंबात पाणी तापायचं, त्यामुळे पाणी तापवणारी जगातली कुठलीही वस्तू त्यांच्या लेखी बंबच. रॉकेलला त्या घासलेट म्हणत आणि त्यातही कधी तडजोड केली नाही.

“हात मागे. डोळे मीट. आता घे.”

आपण निमूटपणे वास घ्यायचा. माई मात्र बंबाकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. त्या आपल्या तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या, डोळ्यांचं पातं न लववता.

“कच्चा की जळका?”

“थोडा जळका वाटतोय, माई.”

“मिरची जळल्यासारखा की केस जळल्यासारखा?”

“पेटताना जरासा आला होता. आता नाही.”

“मग तो चालतो. पेटताना आणि विझताना त्याने थोडा ढेकर दिला तर देऊ दे. चला, चहा टाकते.”

एवढं झालं की आपल्याला घरात प्रवेश. चहात आलं भरपूर, सोबत चकली, आणि निघताना हातात मुळा. मुळा नको म्हणायची सोय नव्हती.

माईंचं पूर्ण नाव शैलजा तानाबे. त्यांचं चरित्र मी सांगत बसणार नाही, कारण त्या स्वतःच ते दोन वाक्यांत उरकायच्या. “सांगलीजवळच्या कारखान्यात मशीन बसवायला तानाबे आले. मशीन बसलं आणि मी उठले.” बस. घरचे काय म्हणाले, लग्न कसं झालं, इथे सासूने कसं वागवलं, हे काही विचारलं तर त्या म्हणत, “ते सगळं आता वारलं.” तानाबे-सानही वारले होते. माई सत्तरी ओलांडून एकट्या राहत होत्या.

आम्ही नागोयात आलो ते माझ्या नवऱ्याच्या, मंदारच्या, पोस्टिंगमुळे. मंदार गाड्यांच्या एक्झॉस्टवर काम करतो. गाडीच्या मागून जो धूर निघतो त्यात काय आहे आणि किती आहे, ते मोजायचं. गणपतीच्या एका कार्यक्रमात माईंशी ओळख झाली तेव्हा मी हे सहज बोलून गेले. माईंनी हातातली मोदकाची प्लेट खाली ठेवली.

“धुराचाच इंजिनिअर?”

“तसंच काहीसं,” मंदार म्हणाला.

“रविवारी या. बंब हुंगून द्या.”

आता मंदारच्या नाकाबद्दल थोडं सांगायला हवं. ते दिसायला ठसठशीत आहे, पण त्याचा उपयोग चष्मा अडकवण्यापलीकडे फारसा नाही. वसंतात इथल्या सुरूच्या परागकणांनी ते बंद होतं, थंडीत सर्दीने बंद होतं, आणि मधल्या काळात एसीने. ऑफिसात धूर यंत्रं हुंगतात, हा फक्त आकडे बघतो. पण धुराचा इंजिनिअर ही पदवी बसली ती बसलीच. त्या पहिल्या रविवारी मंदारने हात मागे बांधून, डोळे मिटून, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाला, “सगळं लिमिटमध्ये आहे.”

“कुणाच्या लिमिटमध्ये? सरकारच्या की शेजाऱ्यांच्या?”

मंदारने चष्मा काढून पुसायला घेतला.

माईंना विचारायचा सोस फार. फोन आला की समजायचं, बंबाने काहीतरी केलंय. “वर्षा, आज तो जरा खोकल्यासारखा करतोय, मंदारला घेऊन ये.” “वर्षा, वारा डोंगरावरून उलटा येतोय, धूर घरात शिरतो का ते बघायला ये.” आमचे रविवार असे बंबाला वाहिलेले. मंदारच्या टीममधली ईशा नावाची मुलगी, बाणेरची, नुकतीच नोकरीला लागलेली, एकटी राहायची म्हणून आम्ही तिलाही बरोबर न्यायला लागलो. तिने पहिल्या दिवशी मला हळूच विचारलं, “ताई, हे काही धार्मिक आहे का?”

स्वयंपाक मात्र माई असा करत की आम्ही वाफ्यातल्या चिखलातूनही गेलो असतो. फोडणी करताना त्या मान वाकडी करून कान कढईकडे लावत. मोहरी तडतडून आवाज बसत आला की बरोबर त्या क्षणी कढीपत्ता. मसाला कायम मोजून, एकाच चमच्याने, कधी अंदाजाने नाही. आणि पहिला घास आपण घेतला की त्या पुन्हा आपल्या तोंडाकडे बघत बसायच्या, बंबाजवळ बघायच्या तशाच. मला वाटायचं, केवढी ही माया.

ती मायाच होती, पण नुसती नव्हती.

पुण्याहून परत येताना मी त्यांच्यासाठी वाळ्याचं अत्तर आणलं. छोटी कुपी, वर काहीच लिहिलेलं नव्हतं. माईंनी झाकण काढलं, कुपी नाकाशी धरली, डोळे अर्धवट मिटले आणि म्हणाल्या, “अहाहा! मोगरा!”

मी मान डोलावली. पण चेहरा माझा कधीच माझ्या ताब्यात नसतो. माईंनी माझ्याकडे पाहिलं, झाकण घट्ट लावलं आणि शांतपणे विचारलं, “गुलाब?”

“वाळा, माई.”

“अरे देवा. वाळा तर मला सगळ्यात जास्त आवडायचा.”

मग त्यांनी सांगितलं. साथीच्या वर्षात ताप आला, गेला, आणि जाताना नाक घेऊन गेला. आज वास येईल, उद्या येईल करत वाट पाहिली. आला नाही. चव जिभेपुरती उरली, गोड, खारट, आंबट, तिखट. बाकी सगळं जग धुतल्या भांड्यासारखं.

“डॉक्टरांना...”

“दाखवलं. त्यांनी मान हलवली, मीही हलवली. पण तू हे कुणाला बोलायचं नाहीस. मंदारलासुद्धा नाही. नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही. एमीला कळलं तर मला कोबेला उचलून नेईल.”

एमी ही माईंची एकुलती मुलगी. कोबेला एका उंच इमारतीत राहायची आणि आईने आपल्याकडे येऊन राहावं असं तिचं कधीपासून चाललं होतं. तिचंही काही चूक नव्हतं. घर जुनं, लाकडी, आई एकटी, आणि घरामागे टाकीभर तेल. तिने एकच अट घातली होती. आई जोपर्यंत स्वतःची आणि घराची काळजी नीट घेऊ शकते तोपर्यंत राहू दे. तेलाचा बॉयलर असलेल्या घरात राहणाऱ्या बाईला तेलाचाच वास येत नाही, हे त्या अटीत कुठून बसणार?

“तिच्याकडे वाईट काय आहे, माई?”

“वाईट काहीच नाही. सगळं विजेवर. काही जळत नाही, काही उतू जात नाही. न्हाणी भरली की बाईच्या आवाजात टब सांगतो, पाणी तयार आहे म्हणून. त्या घरात टब बोलतो गं. माणसं सकाळी जातात ती रात्री येतात. मी काय दिवसभर टबाशी बोलू?”

तेव्हापासून मीही त्या कटात सामील झाले. एमी यायची असली की त्याच दिवशी माई आम्हालाही बोलावत. माझं काम एवढंच. काही वास आलाच, तर मी पाणी मागायचं. मग माई एकदम मान वर करून म्हणायच्या, “एमी, काहीतरी करपतंय बघ.” एकदा मी खरंच तहान लागली म्हणून पाणी मागितलं आणि माईंनी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. बाहेर बर्फ पडत होता.

आता शेजारचे कोन्दो-सान. निवृत्त पोस्टमास्तर, बायको वारलेली, पाठ पट्टीसारखी सरळ. हे गृहस्थ अधूनमधून फाटकाशी येत, टोपी काढत, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी पुढे करत. कधी पर्सिमॉनची टोमॅटोसारखी केशरी फळं, कधी कांद्याची पात, कधी रताळी. उगाच मधेच कधी येत नसत. आले की आधी हवेबद्दल बोलत, मग जरा थांबून माईंना म्हणत, “तानाबे-सान, आपला बॉयलर आज फार उत्साहात आहे.”

“आपल्या कृपेने,” माई जपानीत म्हणत आणि वाकत. मग ते वाकत. मग पुन्हा माई. मी कौतुकाने बघत राहायचे. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत शेजाऱ्याच्या बॉयलरची कुणी अशी विचारपूस केली असती? चेअरमनकडे तक्रार गेली असती. इथे फळं येत होती. कोन्दो-सान गेले की माई आत येऊन तेलवाल्या दुकानात फोन करायच्या, “जरा माणूस पाठवा, फिल्टर बघून जाईल.” आणि दुसऱ्या दिवशी कोन्दो-सानच्या घरी चकल्या जायच्या. ते त्या चहात बुडवून खात, कारण कवळी होती. या तिन्ही गोष्टी मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आणि एकमेकींना जोडायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

घासलेटाच्या बाबतीत मात्र माईंचं डोकं मिरजेतच राहिलं होतं. थंडीत मुलांच्या गाण्याची धून वाजवत तेलाची गाडी गल्लीत यायची. ती धून ऐकली की माई हातातलं काम टाकून पळायच्या, जणू गाडी त्यांच्यासाठी थांबणारच नाही. टाकी भरलेली असली तरी प्लॅस्टिकचे कॅन भरून घ्यायच्या आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत रांगेने लावायच्या.

“एवढं कशाला, माई? पुढच्या आठवड्यात पुन्हा गाडी येतेच की.”

“तू रेशनच्या रांगेत उभी राहिली आहेस का कधी? माझी अर्धी शाळा घासलेटाच्या रांगेत बुडाली. घरात घासलेट असलं की मला झोप लागते.”

मीही लहानपणी त्या रांगेत उभी राहिले होते, त्यामुळे मला ते पटलं. इथेच सगळी गडबड झाली.

गेली थंडी फारशी पडलीच नाही. बरेच कॅन उरले. मग उन्हाळा असा तापला की पत्र्याच्या खोलीला हात लावता येईना. तानाबे-सान हयात असताना मोसम संपता संपता टाकी रिकामी करून टाकत. ते का, हे माईंनी कधी विचारलं नव्हतं. थंडीच्या सुरुवातीला त्यांनी आपला नियम लावला. आधी जुनं संपवायचं. जुने तांदूळ आधी, जुनं लोणचं आधी, तसं जुनं घासलेट आधी. सगळे कॅन त्यांनी टाकीत ओतले आणि समाधानाने हात धुतले.

वर्ष संपायला आलं होतं. एमी सुट्टीला येणार होती, संध्याकाळी. “दुपारीच या आणि हुंगून ठेवा,” असा माईंचा फोन आला. आम्ही तिघं गेलो. एमीसाठी न्हाणी भरायला घेतली होती, त्यामुळे बंब जोरात चालू होता. मंदारने हात मागे बांधले, डोळे मिटले. त्या दिवशी त्याचं नाक नेमकं मोकळं होतं. श्वास घेतला आणि त्याचा चेहरा असा विरघळला की मी घाबरले.

“काय झालं?”

“लातूर,” मंदार म्हणाला. “आमच्या घरातला वातीचा स्टोव्ह. अगदी तोच वास गं. आई सकाळी चहा टाकायची तेव्हा...”

मी पुढे झाले. खरंच की! तोच उग्र, आंबूस, घशात बसणारा वास. त्या वासाबरोबर बटाटेपोहे आठवले, शाळेचा डबा आठवला, काजळी लागलेलं पातेलं घासणारी मावशी आठवली. जपानातलं रॉकेल इतकं स्वच्छ असतं की त्याला म्हणावा तसा वासच नसतो. आज पहिल्यांदा बंबाला रॉकेलसारखा वास येत होता. आम्ही दोघं नवराबायको त्या धुरासमोर उभं राहून देवळात घ्यावा तसा श्वास घेत होतो.

ईशा मात्र मफलर नाकावर धरून मागे सरकली. “दादा, मला हे फार विचित्र वाटतंय. डोळ्यांत झोंबतंय. व्हाइटबोर्डच्या मार्करसारखा वास आहे.”

“तू रॉकेल कधी बघितलंयस का?” मंदारने विचारलं.

“नाही.”

“मग?”

तिने मफलर आणखी वर ओढला. माईंनी आमचे चेहरे पाहिले. दोन फुललेले, एक मुरडलेला. लोकशाही होती. “पोरीला सवय नाही,” त्या म्हणाल्या. “आणि काही घेऊन यायला कोन्दो-सानही इथे नाहीत. तुम्ही म्हणताय म्हणजे बंब चांगला आहे.” हे कोन्दो-सानचं मधेच काय, ते मला कळलं नाही. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ते मुलाकडे राहायला गेले होते, एवढं मला माहीत होतं.

एमी संध्याकाळऐवजी तासाभरातच आली. आम्ही पुढच्या दारी तिला घ्यायला गेलो, तर ती फाटकातच थांबलेली. एका हातात बॅग, दुसरा हात नाकावर.

“हा कसला वास?” तिने जपानीत विचारलं.

माईंनी आमच्याकडे पाहिलंदेखील नाही. आत्मविश्वासाने म्हणाल्या, “कुठे? मला तर काही येत नाही.”

त्या सगळ्या दिवसात बोललेलं हे एकमेव खरं वाक्य.

एमी बॅग टाकून मागे धावली. बंब आता पांढरा धूर ओकत होता. तिने बटण दाबून तो बंद केला आणि आमच्याकडे वळली. एमीबद्दल एक सांगायचं राहिलं. तिला मराठी बऱ्यापैकी समजतं, पण बोलता येतं ते फक्त रागावण्याचं. लहानपणी बाकी सगळं जपानीत चालायचं, माई रागावल्या की मिरज बाहेर पडायची. त्यामुळे एमीकडे मराठीतली तेवढीच शिदोरी होती, आणि ती तिने त्या दिवशी सगळी सोडली.

“कितीदा सांगितलं तुला? कान फुटले का? नाक आहे का भोपळा? शेजारीपाजारी काय म्हणतील? एवढी घोडी झालीस, अक्कल कधी यायची?”

माई खाली मान घालून ऐकत होत्या. प्रत्येक वाक्य त्यांचंच होतं, त्यामुळे एकाचंही उत्तर देता येत नव्हतं. मंदार मधे पडला. “रॉकेलचा वास असाच असतो ना, एमी-सान?”

एमीने त्याच्याकडे बघितलं आणि अगदी नम्र जपानीत विचारलं, “आपण काय काम करता?”

“एक्झॉस्ट,” मंदार म्हणाला, आणि दोन पावलं मागे सरकला.

दुकानातून माणूस आला. त्याने टाकीतलं थोडं तेल एका काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरलं. ते पाण्यासारखं दिसायला हवं होतं. फिकट पिवळं होतं. गेल्या मोसमाचं तेल उन्हात खराब झालं होतं आणि त्याने आतला बर्नर काजळून टाकला होता. टाकी रिकामी करून आतला भाग साफ केला की बॉयलर अजून काही वर्षं चांगला चालेल, असं सांगून तो कामाला लागला.

एमीने ती बाटली उचलली. आईला खुर्चीत बसवलं आणि स्वतः तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. चेहऱ्यांवरून वाचायची आईची खोड तिला ठाऊक असणार. आम्हालाही तिने खिडकीकडे तोंड करून उभं केलं. मग बाटली रुमालात गुंडाळून मागून माईंच्या नाकाखाली धरली.

“हे काय आहे, आई?”

खिडकीच्या काचेत मला माई दिसत होत्या. माई समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत होत्या. तिथे वाचण्यासारखं काही नव्हतं.

“चहा?” त्या म्हणाल्या.

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला माईंचा रागही आला, एमीचाही आला, आणि लातूरच्या स्टोव्हचा सगळ्यात जास्त आला. एमी गुडघ्यांवर बसली, आईचे दोन्ही हात धरले आणि पहिल्यांदा न रागावता मराठीत काहीतरी बोलायला गेली. शब्द सापडले नाहीत. शेवटी जपानीत म्हणाली, “नव्या वर्षात आपण कोबेला जाऊ.”

माई “बरं” म्हणाल्या. त्यांच्या तोंडून नुसतं “बरं” मी कधी ऐकलं नव्हतं.

नव्या वर्षाच्या सुट्टीत आम्ही बांधाबांधीला मदत करायला गेलो. जिन्याखाली दोन मोठ्या बॅगा भरून ठेवलेल्या. देवघरातल्या मूर्ती टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या. माई चकल्यांचा डबा भरत होत्या, शेजारी द्यायला. तेवढ्यात बेल वाजली. दारात कोन्दो-सान, हातात काठी, काखेत संत्र्यांची पिशवी. मुलाकडून नुकतेच परतले होते, आणि पांढऱ्या धुराची गोष्ट गल्लीत त्यांच्या कानावर आली होती. एमीने नमस्कार केला. त्यांनी टोपी काढली, थंडीबद्दल बोलले, मग बॅगांकडे बघून थांबले.

“मी इतके दिवस इथे नव्हतो,” ते अपराध्यासारखे म्हणाले. “क्षमा असावी. मी असतो तर... बॉयलर फार उत्साहात असता, तर मी फळं घेऊन आलो असतो.”

एमी जपानात वाढलेली. ती एका क्षणात समजली. तिचा चेहरा लाल झाला. “म्हणजे आजवर तुम्हाला आमच्यामुळे त्रास होत होता?”

“छे, छे. त्रास नाही. फक्त उत्साह.”

एमीने आईकडे वळून विचारलं, “तुला माहीत होतं?”

“न माहीत असायला मी काय काल आले?” माई म्हणाल्या. “ते काही घेऊन आले की समजायचं, वास येतोय. आणि लगेच दुकानात फोन करायचा. इतकी वर्षं एकदा तरी चुकलंय का? त्यांचा गुडघा बिघडला, म्हणून हे झालं.”

आता माझी पाळी होती. “माई, मग आम्ही? दर रविवारी आम्ही हुंगत होतो ते?”

“तुमच्या नाकांवर मी कशाला विसंबू? त्या मंदारला तर अत्तर आणि गटार यातला फरक कळायचा नाही.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “नुसतं ‘या’ म्हटलं की तुम्ही येता का गं? सगळे बिझी. काहीतरी बिघडलंय म्हटलं की धावत येता. एक दिवस मात्र तुमच्यावर विश्वास ठेवला आणि घर गेलं.”

मंदारने आयुष्यात इतकं लक्ष देऊन कधी चकली खाल्ली नसेल.

एमी जिन्याच्या पायरीवर टेकली. मग जपानीत म्हणाली, “बरं, कोबे राहू दे. विजेचा बॉयलर बसवू इथे. वासच नको, काळजीच नको.”

“नको.”

“का?”

“वासच नसेल तर माणसं कशाला येतील?”

माई मराठीत बोलत होत्या आणि कोन्दो-सानना मराठी येत नव्हतं. ते संत्र्यांची पिशवी धरून दारात तसेच उभे होते, आत यावं की परत जावं या पेचात. एमीने त्यांच्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग दारात जाऊन ती त्यांच्यासमोर कमरेत वाकली आणि अतिशय औपचारिक जपानीत म्हणाली, “माझ्या आईला वास येत नाही. रोज एकदा येऊन बॉयलर पाहण्याची तसदी आपण घ्याल का? आपण असाल तरच मी तिला इथे ठेवू शकेन.”

कोन्दो-सानचे कान लाल झाले. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, पाठ आणखी सरळ केली आणि पोस्टाच्या कारभाराची सूत्रं हाती घ्यावीत तशा गांभीर्याने म्हणाले, “जबाबदारी स्वीकारतो.”

बॅगा पुन्हा वर नेताना एमी मराठीत पुटपुटत होती, “घर आहे की धर्मशाळा!” हेही माईंचंच वाक्य. माईंनी या थंडीत भरून ठेवलेले नवे कॅन मात्र तिने त्याच दिवशी दुकानात परत पाठवले, आणि माई ते जाताना फाटकात उभ्या राहून सासरी जाणाऱ्या मुलीला बघावं तशा बघत होत्या.

वसंतात मंदारचं पोस्टिंग संपलं. निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही माईंना भेटायला गेलो. खिडकी उघडली. “मागून या गं, मागून!” वाफ्यात आता मुळ्याऐवजी मेथी उगवली होती. बंब गुणगुणत होता. मी हात मागे घेतले, डोळे मिटले आणि अगदी मनापासून वास घेतला. काही म्हणजे काही नाही. ताजं तेल, साफ बर्नर. ओल्या मातीचा वास येत होता आणि स्वयंपाकघरातून आल्याचा.

“स्वच्छ आहे, माई.”

“ठाऊक आहे. चल आत.”

निघताना त्यांनी माझ्या हातात मेथीची जुडी दिली. उद्या विमानात बसायचंय, मेथीचं काय करू, असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. त्या फाटकाशी उभ्या राहिल्या. मंदार अरुंद गल्लीत गाडी वळवत होता आणि वळवता वळवता शिंकत होता. मी काच खाली करून हात हलवत होते. तेवढ्यात शेजारच्या फाटकातून कोन्दो-सान बाहेर आले. काठी नव्हती. वर्तमानपत्रात गुंडाळलेले बांबूचे कोंब काखेत. टोपी काढून ते घरामागे गेले, आणि जरा वेळाने परत येऊन माईंसमोर उभे राहिले.

“वास येतोय का?” माईंनी विचारलं.

कोन्दो-साननी थोडा विचार केला. “किंचित,” ते म्हणाले. “काळजीसारखं काही नाही. पण उद्या पुन्हा बघावं लागेल.”

माईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट, निरखून पाहिलं.

“हो का?” त्या म्हणाल्या. “मग उद्या जरा लवकर या.”